विशेष काही नाही

बिनपगारी, फुल अधिकारी म्हणतात ना, तसलं एक पद लोधिवलीच्या विनिताबाईंच्या गळ्यात पडलं होतं. पदाचं नाव मात्र ऐकून घ्या: तालुका अभिलेख सल्लागार मंडळ, अशासकीय सदस्य. राजेशने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, ते एकदाच पुरं म्हणून पाहिलं आणि पुढे 'तुजा तो कागदांचा बाजार' एवढ्यावर भागवलं. पगार नाही, भत्ता नाही. चहा मिळतो, तोही सुरेखा स्वतःच्या पर्समधून मागवते म्हणून. ही सुरेखा खालापूरच्या कचेरीत रेकॉर्ड रूम सांभाळते. तीस वर्षं अंगणवाडी चालवून विनिताबाई घरी बसल्या, तेव्हा तिनेच त्यांचं नाव वर पाठवलं होतं. बाईंचं अक्षर चांगलं आणि तोंड कमी, अशा दोन गोष्टी एकत्र असलेलं माणूस सरकारला सहसा मिळत नाही.

काम म्हणाल तर सोपं. कचेरीत कागद वाढत जातात, खोली काही वाढत नाही. म्हणून मुदत संपलेले गठ्ठे लगद्याला पाठवायचे. पण सगळंच फेकलं तर उद्या कुणी विचारेल, तुमच्या काळात माणसं कशी जगत होती हो? तेव्हा दाखवायला काय? म्हणून प्रत्येक गठ्ठ्यातलं एक प्रकरण नमुना म्हणून कायमचं राखायचं. लाल कापडात बांधलं की त्याला मरण नाही. बाकीच्यांचा लगदा. आणि ते एक कुठलं, हे साहेबांनी नाही, तालुक्यातल्याच तीन माणसांनी बसून ठरवायचं.

तिघांपैकी एक विनिताबाई. दुसरे योगेंद्र सर, कर्जतच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. तिसरे आबाजी, कुंभिवलीचे जुने पोलीस पाटील. पहिल्याच बैठकीत सर आणि आबाजी असे जुंपले की सुरेखाने दार लावून घेतलं. सरांना बिबट्या घरात शिरल्याचं प्रकरण ठेवायचं होतं. आबाजींना स्वतःच्या चुलतभावाच्या बांधाचं. सर म्हणाले, इतिहास म्हणजे भावकी नव्हे. आबाजी म्हणाले, मग काय बिबट्या म्हणजे इतिहास? त्यो तर अजून हिंडतो.

विनिताबाईंना लोधिवलीकडची मिनीडोर रिक्षा गाठायची होती. त्या म्हणाल्या, "ज्यात विशेष काही नाही ते ठेवा. विशेष असेल ते लोकांच्या तोंडी राहतंच. साधं कोण ध्यानात ठेवतं?"

सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा बाई! हाच तर खरा इतिहास!" आबाजींनाही पटलं, कारण बिबट्या गेला. सुरेखाने लगेच ठराव लिहिला. तेव्हापासून राखलेल्या प्रत्येक प्रकरणावर एक चिठ्ठी डकवली जाऊ लागली, विनिताबाईंच्या गोल अक्षरात: 'या प्रकरणात विशेष काही नाही. नमुना म्हणून राखावे.' खाली सही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच झालं होतं ते. साध्या माणसांचा कळवळा वगैरे काही नव्हता. समीक्षा गेल्यापासून त्यांना कशाचाच कळवळा येत नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं. लग्नाला जायच्या, मयताला जायच्या, दोन्हीकडे पदर सारखाच डोक्यावर. जेवण केलं की खारट झालंय का तुरट, राजेशच सांगायचा.

समीक्षा त्यांची एकुलती एक. कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. पहिल्या पाळीला निघाली होती, जुन्या हायवेच्या कडेने, डबा घेऊन. मागून कुठलीशी गाडी आली, उडवून गेली आणि थांबली नाही. गाडी कुणी पाहिली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. तिथे पडलेला निळ्या रंगाचा फायबरचा एक तुकडा तेवढा पोलिसांना सापडला. बारा वर्षं झाली.

राजेशचं चौकला टायर-पंक्चरचं दुकान आहे, हायवेलाच. त्या दिवसापासून दुकानात निळी गाडी हवा भरायला आली की तो आधी पुढे जातो, बंपरवरून तळवा फिरवतो, मग टायरकडे वळतो. ड्रायव्हर लोकांना वाटतं, जुना कारागीर आहे, गाडीला नमस्कार करतो. फार तर हसतात. तो तुकडा कुठल्या बाजूचा, केवढा, हे सगळं त्या प्रकरणात लिहिलेलं आहे आणि प्रकरण तहसिलीत आहे, एवढ्या एका गोष्टीवर राजेश उभा होता. दरवर्षी तो कचेरीत जाऊन विचारून यायचा, हाय ना जागेवर? हाय म्हटलं की वर्षभर निभायचं.

तर यंदा त्या वर्षाच्या गठ्ठ्याची मुदत भरली.

सुरेखाने फोन केला, तो शब्द चाचपडतच. "बाई, सोमवारी अकस्मात मृत्यूचा गठ्ठा घ्यायचाय. तुमच्या... म्हणजे त्यात ते पण आहे. तुम्ही नाही आलात तरी दोघांच्या सह्यांवर होईल."

"येते," विनिताबाई म्हणाल्या, आणि गॅसवरचं दूध बघायला गेल्या.

राजेशने ऐकलं होतं. तो ओट्यावरून उठून आत आला. हाताला काळं तसंच. "लगद्याला काढतात?"

"मुदत झाली."

"बाकीचं काय बी करू दे त्यांना. आपली तेवढी राख गं. तू हाईस ना तिथं? मग कशाला हाईस?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "कागद हाय तवर गाडी सापडंल."

ती गाडी एव्हाना कुठल्या तरी भंगारवाल्याने कापून वितळवली असेल, हे विनिताबाईंना कळत होतं. राजेशलाही कळत असणार, तो रोज गाड्यांतच राहतो. पण हे बोलायचं कसं? माणूस ज्या फांदीला धरून लोंबकळतोय ती वाळकी आहे, हे त्याला सांगून काय मिळवायचं? त्या म्हणाल्या, "बघते."

"बघते नाय. राख."

सोमवारी बैठकीला सगळे वेळेवर आले, हेच आधी नवल. सर नेहमी पुस्तकातलं काहीतरी ऐकवत येतात, त्या दिवशी आले ते थेट खुर्चीत. आबाजींनी काठी भिंतीला टेकवली, बसले, पुन्हा उठून पंखा सुरू केला, पुन्हा बसले. समीक्षा गेली त्या सकाळी पोलीस पाटील म्हणून आबाजीच हायवेवर उभे होते आणि पंचनाम्यावर त्यांची सही होती. मंडळात वर्षभर एकत्र चहा प्यायले, पण त्यावर आबाजी आणि विनिताबाईंत अवाक्षर झालं नव्हतं.

सुरेखाने गठ्ठा सोडला. चांगला जाडजूड होता. आबाजीच पहिले बोलले.

"ह्यात इचार कसला करायचा? बाईंची पोर हाय. तीच ठेवायची. काय वो सर?"

"माझी काहीच हरकत नाही," सर म्हणाले. "उलट ठेवायलाच हवी."

झालं की. इतकं सोपं होतं ते. विनिताबाईंना वाटलं, आता बरं वाटेल. थोडा वेळ वाट पाहिली, पण काही वाटलं नाही.

सुरेखाने प्रकरण बाजूला काढलं आणि सवयीने वर कोरी चिठ्ठी ठेवली. ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, ही चिठ्ठी लागेल. जिल्ह्याचे तपासणीला येतात ना, ते आधी चिठ्ठी बघतात. नसली तर प्रकरण बाहेर काढतात."

चिठ्ठीवर काय लिहायचं असतं, ते खोलीतल्या चौघांनाही पाठ होतं.

"दुसरं काय तरी लिवा की!" आबाजी ओरडले. "ठराव आपणच केला ना? मग आपणच मोडू."

"ठराव जिल्ह्याला मंजूर झालाय आबाजी. बदलायचा तर परत पाठवायचा, परत यायची वाट बघायची. टेंपो उद्या आहे," सुरेखा म्हणाली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. लगद्याचा टेंपो मात्र वेळेवर.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "अपवाद म्हणून ठेवू. एखाद्या प्रकरणात खरंच विशेष काही असेल तर शेरा मारून राखता येतं, ती सोय आहे. बघू आपण." आणि त्यांनी प्रकरण पुढे ओढलं. माणूस चांगला. मदतच करत होता बिचारा. एकेक पान उलटत अर्धवट मोठ्याने वाचू लागला. "पादचारी... स्त्री, वय एकोणीस... अज्ञात वाहन... वाहन मिळून आले नाही... स्टीलचा डबा एक, दोन खणी, त्यात तांदळाची भाकरी व सुकटीची चटणी, डबा शाबूत... चप्पल एक, डाव्या पायाची... पर्समध्ये आरसा, कंपनीचा पास, खिळे..." ते थांबले. "खिळे? खिळे कशाला बरं?"

तिघंही विनिताबाईंकडे बघू लागले.

"असेच असतील," विनिताबाई म्हणाल्या.

असेच! खिळे कशाला ते त्यांना माहीत नव्हतं होय? त्या घरात ते माहीत नसलेलं एक मांजरसुद्धा नव्हतं. पण सांगायला बसलं असतं तर खूप सांगावं लागलं असतं, आणि जीभ जड होती. सरांनी मान हलवून पुढचं पान उलटलं. मग शेवटचं. मग गठ्ठ्यातली बाकीची प्रकरणं चाळली, आणि चाळता चाळता त्यांचा हात हळू झाला. पादचारी, अज्ञात वाहन. सायकलस्वार, अज्ञात वाहन. हायवेचा तालुका. अर्धा गठ्ठा तोच होता.

"तसं पाहिलं तर यात..." सर म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळून त्यांनी चष्मा काढला. "माफ करा बाई."

"माफी कसली? नाहीच आहे त्यात," विनिताबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

"मी लिहितो," सर म्हणाले.

"अक्षर माझं लागतं. मागच्या सगळ्यांवर माझंच आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं: 'या प्रकरणात विशेष काही नाही. नमुना म्हणून राखावे.' सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं, अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवायला घ्यावं असं. सुरेखा तोंडाला ओढणी लावून रडत होती, आणि विनिताबाई तिच्याकडे बघत होत्या. ही रडते आहे आणि मी का नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि तेही लगेच विझलं.

सुरेखाने लाल कापड आणलं, चार टोकं जुळवून गाठ मारली. आबाजींनी गाठीवर हात ठेवला. "ऱ्हायली," ते म्हणाले. "आता कोन हात लावत नाय तिला." मग काठी घेऊन कुणाकडे न बघता बाहेर पडले.

मिनीडोरमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काय विनिताबाय, काय विशेष?" विनिताबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बिचारी खिडकीकडे सरकून बसली.

राजेश दुकान बंद करून ओट्यावर येऊन बसला होता. भर बाजाराच्या वेळेला दुकान बंद, हे त्याच्या जन्मात दोनदाच झालं असेल. बायको फाटकातून आत आली तसा उभा राहिला.

"ऱ्हायली?"

"ऱ्हायली. लाल कापडात. कायमची."

तो मटकन खाली बसला. दोन्ही तळवे तोंडावर घासले, त्यामुळे तोंड काळं झालं. "बरं झालं बाय," म्हणाला. "लय बरं झालं." आणि हसला. उठून स्वतः चहा ठेवायला गेला, साखरेचा डबा कुठे असतो ते त्याला सापडेना, आतूनच बडबडत राहिला: आता घाई नाय, आता कायमचीच हाय म्हटल्यावर गाडी कधी बी सापडू दे, मी नसलो तरी कोनीतरी बघंल. विनिताबाई ओट्यावर चप्पल काढून बसल्या होत्या. त्याचा असा आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

चहाचे कप घेऊन तो बाहेर आला. "कसं काय पटवलंस गं त्यांना? यवढ्यातून आपलीच ठेवायची म्हनजे कारण काय तरी दावलं असशील. काय लिवलंस?"

इथे एखादी खोटं बोलली असती आणि तिला पाप लागलं नसतं. 'लिवलं काहीतरी' म्हणाली असती तरी निभलं असतं. पण खोटं बोलायला सुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं. विनिताबाईंनी जे लिहिलं होतं ते तसंच म्हणून दाखवलं, पाढा म्हणावा तसं.

"या प्रकरणात विशेष काही नाही. नमुना म्हणून राखावे."

राजेशला आधी कळलंच नाही. "म्हनजे?"

"ज्यात विशेष नाय तेच ठेवतात. नियम हाय."

"कोनाचा नियम?"

"माजाच."

त्याने कप खाली ठेवला. "समीक्षाच्या कागदावर लिवलंस? तुज्या हातानं?"

"त्याबिगर ऱ्हात नव्हती ती."

"विशेष नाय?" तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "विशेष नाय? अगं, पंक्चरवाल्याची पोर रस्त्यावरचे खिळे येचत जायची! दुनियेत कोन करतं असं? बापाचा धंदा खिळ्यांवर, न् ही रोज पाळीला जाताना कडेकडेनं खिळे, पत्रे, मोडके बोल्ट उचलायची, न् घरी आल्यावर माज्या समोर वतायची. बाबा, बघा, आज यवढी टायरं वाचवली! मी वरडायचो, अगं भवाने, मला भिकेला लावतेस काय? तर हसायची. अशी हसायची की मला पन हसायला यायचं. न् ह्यात विशेष नाय?"

शेजारचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं. राजेश थांबला नाही.

"नवी चप्पल आनून दिली तर कपाटात. जुनीला पिन लावून घालायची. का? तर म्हने जुनीला माज्या पायांची वळख हाय. रेडिओवर बातम्या सांगणारीची नक्कल करायची, तू जेवताना लोळायचीस हसून. आठवतं का तुला? तू! तू हसायचीस!" त्याचा श्वास लागला. "न् बाकीच्यांवर काय लिवतेस? त्या दुसऱ्या कागदांवर?"

"सगळ्यांवर हेच."

"सगळ्यांवर?" तो एकदम हळू बोलला. "मग त्यांच्या घरी पन कोनी असंल ना गं, माज्यासारखं?"

एवढ्या चिठ्ठ्या विनिताबाईंनी डकवल्या होत्या, गोल गोल अक्षरात, आणि एकदाही कुणाचं घर डोळ्यांसमोर आलं नव्हतं. त्या उठल्या. आत गेल्या. फडताळाच्या वरच्या फळीवर पातेल्यांच्या मागे एक दोन खणी स्टीलचा डबा होता. पोलिसांनी परत दिला तेव्हा त्यांनी तो घासून, पुसून ठेवला होता आणि त्यानंतर त्याला हात लावला नव्हता. तो घेऊन त्या बाहेर आल्या आणि राजेशच्या पुढ्यात झाकण काढलं.

आत खिळे होते. तिच्या पर्समधले. गंजून एकमेकांना चिकटलेले.

"तुज्याजवळ व्हते?" राजेश म्हणाला. "मला वाटलं पोलिसांनी टाकले."

"सरांनी इचारलं, खिळे कशाला," विनिताबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, असेच." आणि तो 'असेच' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. छातीत इतकी वर्षं जे दगडासारखं बसलं होतं ते हललं आणि दुखलं, खरोखरचं दुखलं. त्या ओट्यावरच बसल्या आणि मोठ्याने रडल्या, शेजारी ऐकतील याची लाज न बाळगता. माझी पोर गेली, माझी पोर गेली, एवढंच त्यांना म्हणता येत होतं, जणू आजच निरोप आला होता.

राजेशने त्यांना थोपवलं नाही. डबा मांडीवर घेऊन तो खिळे एकमेकांपासून सोडवत बसला, जन्मभराची सवय असलेल्या बोटांनी. एकेक उजेडाकडे धरून बघत होता. "ह्यो ट्रकच्या फाळक्याचा," तो म्हणाला. "ह्यो मांडववाल्याचा. ह्यो बघ, ह्यो घोड्याच्या नालेचा, वरातीतला असनार. ह्यो जर टायरात गेला असता ना..."

"सांगा," विनिताबाई रडता रडता म्हणाल्या. "अजून सांगा."